वाचले असे समजून

आमच्या संस्थेच्या आठ विश्वस्तांपैकी सात जणांनी काहीही वाचलेलं नाही, हे शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झालं, तेव्हा त्या सात जणांसाठी पेढे आले. आठवा मी. मलाही दिला, पण अर्धा.

संस्थेचं नाव 'कै. गोदूताई भस्मे रुग्णसाहित्य केंद्र, कराड'. घरात कोणी आजारी पडलं की माणसं आमच्याकडे यायची. लोखंडी खाट, वॉकर, कमोडची खुर्ची, पाण्याची गादी, ऑक्सिजनचं यंत्र, जे लागेल ते न्यायचं आणि काम झालं की परत करायचं. परत आलेल्या खाटेकडे बघून माणूस बरा झाला की गेला हे कळायला मार्ग नसतो. त्यामुळे आमचा लिपिक दोन्ही प्रकारच्या नातेवाइकांना एकाच सुरात "बरं झालं" म्हणायचा. तक्रार कधी आली नाही.

मी शार्दूल डुबल. बसस्टँडच्या मागे माझं फ्लेक्सचं दुकान आहे. प्लास्टिकवर बंदी आल्यापासून फ्लेक्स केळीच्या सोपटाच्या कापडावर छापतात, पण लोक अजून फ्लेक्सच म्हणतात. या कापडाचा एकच दोष, ते ओलं राहिलं की शेवाळतं, आणि भावी नगरसेवकांना हिरव्या दाढ्या येतात. संस्थेचे अध्यक्ष काटवटे सर एक दिवस दुकानात आले आणि म्हणाले, "शार्दूल, कमिटीत तरुण रक्त पाहिजे." रक्तगट त्यांनी विचारला नाही. वार्षिक सभेचा फ्लेक्स किती बाय कितीचा फुकट देशील, ते विचारलं. मी दहा बाय आठ म्हणालो आणि विश्वस्त झालो.

विश्वस्ताचं काम काय, ते मला पहिल्याच सभेत कळलं. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी चार वाजता सभा. विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. काटवटे सर म्हणत, "वाचले असे समजून कायम." आम्ही म्हणत असू, "मंजूर." विषय दोन, आलेली पत्रे. "वाचली असे समजून दफ्तरी दाखल." "मंजूर." मग फाइल टेबलाभोवती फिरायची. प्रत्येकाने सही करायची आणि डावीकडे सरकवायची. फाइल निघाली की लिपिक वडे आणायला निघायचा, आणि दोघांत आधी कोण पोचतं, यावर आमचं मनातल्या मनात लक्ष असायचं. तीस-तीस विषय आम्ही वीस मिनिटांत संपवलेले आहेत. ठरावाला एक सूचक लागतो आणि एक अनुमोदक. मी वयाने सगळ्यांत लहान, म्हणून कायमचा अनुमोदक. सूचकाने काय सुचवलंय याच्याशी अनुमोदकाचा संबंध नसतो, असं मला वाटायचं.

आता माझी अडचण सांगतो. माझ्या धंद्यात वाचल्याशिवाय भागत नाही. धंद्याच्या पहिल्याच वर्षी एका जिवंत पुढाऱ्याचा फोटो माझ्याकडून चुकून 'भावपूर्ण श्रद्धांजली'खाली छापला गेला. तो माणूस दोन तास दुकानासमोर उभा होता. काही बोलला नाही, नुसता जिवंत उभा राहिला. तेव्हापासून डोळ्यांपुढे अक्षर आलं की मी वाचतो. गोळ्यांच्या पाकिटावरचं वाचतो, दुसऱ्याच्या पिशवीवरचं वाचतो. इच्छा नसली तरी वाचतो. त्या टेबलाभोवती आम्ही आठ जण बसायचो, त्यांतल्या एकाला हा आजार होता, आणि ते कोणाला माहीत नव्हतं.

संदीपकाका तवटे माझ्या दुकानामागच्या गल्लीत राहायचे. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त. (हल्ली म्हाताऱ्यांची नावं संदीप, सचिन अशीच असतात, त्याला इलाज नाही.) त्यांची फुफ्फुसं गेली होती. आमच्या केंद्रातलं ऑक्सिजनचं यंत्र त्यांच्या उशाशी होतं. मार्चच्या सत्तावीस तारखेला दुपारी दोन वाजता ते गेले. यंत्र चालू होतं. डॉक्टरांनी नाकातल्या नळीला मीटर लावून बघितलं, तर आकडा आला एकवीस टक्के.

एकवीस टक्के ऑक्सिजन साध्या हवेत असतो. फ्लेक्सच्या दुकानात असतो, एसटीत असतो. हे यंत्र नव्वदच्या वर देतं. त्याच्या पोटात झिओलाइट नावाचे पांढरे खडे असतात. हवा त्यांच्यातून दाबून नेली की खडे नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे सोडतात. पण खडे दमट झाले की त्यांना नायट्रोजन धरता येत नाही. यंत्र मात्र घुमतच राहतं. नळीतून वारा येत राहतो, फक्त तो त्याच खोलीतला असतो. असं झालं की भोंगा वाजावा, म्हणून आत एक संवेदक बसवलेला असतो.

आमच्या यंत्रांचे भोंगे फार वाजायचे. लोक कंटाळले. म्हणून नऊ मार्चच्या सभेत विषय क्रमांक चौदा आला: 'यंत्रांचे भोंगे रुग्णांच्या विश्रांतीत व्यत्यय आणत असल्याने त्यांच्या वायरी काढून टाकाव्यात.' ठराव सर्वानुमते मंजूर. अनुमोदक, शार्दूल डुबल.

काकांचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स मी फुकट केला. दहा बाय आठ. वैशालीकाकू म्हणाल्या, "एवढा मोठा कशाला रे? ते काय पुढारी होते?" मी म्हणालो, "असू दे काकू." तो गल्लीत मावेना. शेवटी दोन घरांच्या गॅलऱ्यांना बांधला, आणि काका तेरा दिवस सगळ्या गल्लीला सावली देत राहिले.

मग चौकशी लागली.

पूर्वी अशा चौकशीत विश्वस्त म्हणायचे, "मला कल्पना नव्हती." आणि कल्पना होती की नव्हती हे सिद्ध करायचं साधन नव्हतं. ते साधन एका प्रयोगशाळेत निघालं, तेही भलत्याच कामासाठी. स्मृती गेलेल्या माणसांना त्यांच्या मुलांची जुनी पत्रं ओळखू येतात का, हे तिथल्या संशोधकांना तपासायचं होतं. झालं असं की, वाक्य पहिल्यांदा वाचताना मेंदू शब्दागणिक किंचित दचकतो. डोळा शब्दावर पडल्यापासून अर्ध्या सेकंदाच्या आत डोक्यात एक लहर उठते. तेच वाक्य पुन्हा समोर आलं की लहर उथळ होते. तुम्हाला आठवत नसलं तरी मेंदूला ते वाक्य ओळखीचं असतं. ही लहर पकडायला कपाळावर एक पट्टी बांधतात. तिच्यातले संवेदक डोक्यातलं चुंबकत्व मोजतात, जे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या अब्जाव्या हिश्श्याएवढं असतं. समोर एकाच थाटाची चाळीस पत्रं दाखवतात. एकोणचाळीस बनावट, एक खरं. खऱ्यावर मेंदू किती कमी दचकला, त्यावरून शंभरपैकी आकडा काढतात. त्याला परिचयांक म्हणतात.

हे यंत्र आलं आणि पाठोपाठ विश्वस्त उत्तरदायित्व कायदा आला. ज्याने वाचून सही केली, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि कुठल्याही संस्थेवर जन्मभर बंदी. ज्याने न वाचता सही केली, त्याला तीन दिवसांचं प्रशिक्षण शिबिर, चहा-नाश्त्यासह. कायदा करणाऱ्यांचा समज असा होता, की आपण वाचलं नाही हे चारचौघांत सिद्ध झालं तर माणसाला लाज वाटेल.

सहा महिन्यांत राज्यातल्या विश्वस्तांनी वाचणं सोडलं. जे पूर्वी आळसाने वाचत नव्हते ते आता काळजीपूर्वक वाचेनात. सभेचे कागद पालथे वाटले जाऊ लागले. 'न वाचता सही' शिकवणारे क्लास निघाले. त्यांच्या जाहिरातींचे फ्लेक्स मीच केले, आणि ते वाचले. एका देवस्थानाने विश्वस्तपदासाठी निरक्षरांना प्राधान्य दिलं. अर्ज लेखी मागवले होते, त्यामुळे सगळा घोळ झाला.

चाचणीसाठी चौकशी अधिकारी खारकर मॅडम यंत्र घेऊन आमच्याच सभागृहात आल्या. यंत्र चालवायला एक तंत्रज्ञ होता. ज्या पत्रावरून चाचणी होती ते सीलबंद होतं. आमच्या यंत्रांची देखभाल करणारा इम्तियाज नदाफ, त्याने ते नऊ मार्चच्या सभेसाठी दिलं होतं, एवढंच जाहीर झालं होतं. त्यात काय लिहिलंय हे निकाल लागेपर्यंत कोणी कोणाला सांगायचं नाही, नदाफने तर नाहीच, असा नियम. एकदा मजकूर बाहेर फुटला की सगळ्यांच्याच डोक्यांना तो ओळखीचा होणार.

सर्वांत आधी काटवटे सर बसले. सर प्राचार्य म्हणून निवृत्त झाले होते. वाचनाचं महत्त्व या विषयावर त्यांची पंचक्रोशीत सव्वाशे तरी व्याख्यानं झाली असतील. चाळीस पत्रं त्यांनी ताठ बसून बघितली. तंत्रज्ञाने आकडा सांगितला, "तीन."

"शंभरात?" सरांनी विचारलं.

"हो सर. तीन म्हणजे नाहीच समजा. तेवढी यंत्राची चूक असते. आम्ही सुरुवातीला नारळाला पट्टी लावून बघतो, त्यालाही तीन येतात."

मागून कोणीतरी टाळी वाजवली. मग चार आला, दोन आला, एकाला शून्य आला आणि त्याचं सगळ्यांनी अभिनंदन केलं. माझ्या वेळी तंत्रज्ञाने पट्टी दोनदा काढून पुसली.

"चौऱ्याण्णव."

सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी एवढे दिवस त्यांच्यात वेश बदलून बसलो होतो. यंत्राचं काही चुकलं नव्हतं. ते पत्र मी वाचलं होतं. नऊ मार्चला, त्याच टेबलाशी, सही करण्याआधी, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत.

आमच्या सगळ्यांच्या वतीने लाड वकीलबाई होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. त्यांच्या टेबलावर कागद नव्हते. त्या म्हणाल्या की नव्या कायद्यापासून त्या सगळं ऐकूनच घेतात.

"हे बघा डुबल, यंत्राला फक्त इतकं कळतं की वाचलंय. केव्हा वाचलंय ते कळत नाही. बरोबर?"

"हो."

"जून महिन्यात संस्थेचं सगळं दफ्तर स्कॅनिंगला कुठे गेलं होतं?"

"माझ्या दुकानात."

"दफ्तर सील कधी झालं?"

"जुलैत."

"मग झालं की. तुम्ही ते पत्र जूनमध्ये स्कॅन करताना वाचलंत. एक धंदेवाईक माणूस म्हणून. तोवर तवटे जाऊन तीन महिने झाले होते. काळाबद्दल संशय असेल तर आकडा बाद होतो, कलम नऊ. सुनावणीला एकच प्रश्न विचारतील, केव्हा वाचलंत. एकच उत्तर द्यायचं, जूनमध्ये, स्कॅन करताना. बोला बघू."

"जूनमध्ये, स्कॅन करताना."

"खांदे पाडू नका हो. परत."

मी पाच वेळा म्हणालो. पाचव्या वेळी मलाच पटायला लागलं. खरं म्हणजे जूनमध्ये ते पान हाताला लागलं तेव्हा मी ते ओळखलं आणि पालथं करून स्कॅन केलं होतं. म्हणजे संस्थेच्या डिजिटल दफ्तरात त्या पत्राची कोरी बाजू अतिशय सुस्पष्ट आहे.

"आणि मग निकाल काय लागेल?" मी विचारलं.

"आठही जणांना शिबिर. आणि निष्कर्षात लिहितील, बिघाडाची कल्पना कोणासही नव्हती. कोणाचंच वाईट नाही."

सुनावणी पंधरा दिवसांवर आली असताना वैशालीकाकू दुकानात आल्या. हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये कागद.

"शार्दूल, जरा बसू का?"

मी खुर्चीवरचा एका आमदाराचा गुंडाळलेला फ्लेक्स उचलला. काकू बसल्या.

"मला तिथं म्हणणं मांडायचंय म्हणे. लेखी. मी लिहिलंय, पण मला मेलीला ते सरकारी लिहिता येत नाही. तू जरा बघ. तू सगळं वाचून बघतोस, हे म्हणायचे."

"काका म्हणायचे?"

"हो. म्हणायचे, त्या कमिटीत सगळे झोपाळू, तो डुबलांचा पोरगा तेवढा डोळे उघडे ठेवून असतो."

मी कागद घेतला. त्यात लिहिलं होतं की कोणाला शिक्षा व्हावी असं माझं म्हणणं नाही. कमिटीतल्या लोकांनी यंत्र फुकट दिलं, त्यांचे उपकार आहेत. फक्त कोणाला माहीत होतं का, एवढं मला सांगावं. माहीत नसलं तर नशीब म्हणून मी गप्प बसेन.

"चुकलंय का काही?" काकूंनी विचारलं.

"नाही."

"मग असा का बघतोस?"

"अक्षर बारीक आहे."

"मोठं करून देशील?"

मी मोठं करून दिलं. काकूंनी पर्स उघडली, मी नको म्हणालो, त्या म्हणाल्या, "फ्लेक्सच्या वेळी पण नको म्हणालास. तुझा धंदा चालायचा कसा?" मी म्हणालो, पुढाऱ्यांवर चालतो. त्या हसल्या. काका गेल्यावर मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघितलं. हसवायची मला सवयच आहे. कोणी हसलं की मला आपण निर्दोष असल्यासारखं वाटतं.

त्याच आठवड्यात काटवटे सर आले. दाढी वाढलेली, हातात छत्री, बाहेर कडक ऊन.

"शार्दूल, मला त्या यंत्राची फेरचाचणी पाहिजे. अर्ज टाइप करून दे."

"कशाला सर? तुम्ही सुटलात."

"तीन म्हणजे काय रे? मी बावीस वर्षं अध्यक्ष आहे. प्रत्येक कागदावर माझी सही आहे. मी वाचत होतो. ओझरतं का होईना, वाचत असणारच की."

"सर, वाचलं होतं असं निघालं तर दोन वर्षं आत जावं लागेल."

"जाईन. पण मग निदान मी होतो तरी तिथं. आता निकालाचा कागद म्हणतो की बावीस वर्षं त्या खुर्चीत नारळ बसला होता." ते छत्रीच्या मुठीकडे बघत राहिले. "रात्रंदिवस मी ते पत्र आठवायचा प्रयत्न करतोय. एक शब्द आठवत नाही. माणूस गेला, आणि मला पश्चात्ताप करायलासुद्धा काही हाताशी नाही. तुला तरी आठवतं का रे त्यात काय होतं?"

"सील आहे ना सर."

"हो. बरोबर. सांगू नकोस." जाताना ते दारात थांबले. "तू ते स्कॅन करताना वाचलंस, नाही का? लाडबाई म्हणाल्या."

मी मान हलवली. लाडबाईंच्या तालमीबाहेर तोंडाने अजून बोललो नव्हतो. सरांचा अर्ज टाइप करून दिला आणि तो नामंजूर झाला. दोष सिद्ध व्हावा अशी मागणी करण्याची कायद्यात तरतूद नाही, असं उत्तर आलं.

सुनावणी त्याच सभागृहात झाली. तेच टेबल. एका टोकाला खारकर मॅडम आणि एक टंकलेखक, एका बाजूला आम्ही आठ आणि लाडबाई, समोर बाधित पक्ष म्हणून एकट्या वैशालीकाकू, त्यांनी लग्नाला नेसतात तसली साडी नेसलेली. माझ्या डोक्याला पट्टी बांधलेली नव्हती. आता नुसत्या तोंडी जबाबावर काम होतं.

खारकर मॅडमनी आधी निष्कर्षाचा मसुदा वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, श्री. डुबल यांचं उत्तर आल्यावर हा कायम होईल. मसुद्यात होतं, 'सदर यंत्रांतील बिघाडाची कल्पना दिनांक नऊ मार्च रोजी अथवा तत्पूर्वी कोणाही विश्वस्तास नव्हती, असे दिसून येते.'

काकूंनी ते ऐकलं आणि हळूहळू मान डोलावली. "नव्हतंच माहीत कोणाला," त्या टंकलेखकाला म्हणाल्या, कारण तो सगळ्यांत जवळ होता. "मग काय करणार." आणि त्यांनी आमच्या बाजूला वळून हात जोडले. आठही जणांना. माझ्यापाशी त्यांचे हात जरा जास्त थांबले असतील, किंवा मला तसं वाटलं असेल.

"श्री. डुबल, नदाफ यांचं पत्र तुम्ही केव्हा वाचलंत?"

"नऊ मार्चला," मी म्हणालो.

लाडबाई पाणी पीत होत्या. त्यांनी ग्लास खाली ठेवला. "डुबल, प्रश्न नीट ऐका. कुठे वाचलंत, केव्हा..."

"ऐकला मॅडम. इथंच. मी त्या खुर्चीत होतो. विषय चौदाच्या ठरावाला पत्र टाचलेलं होतं. साडेचार वाजायला आले होते. मला सहाला एक फ्लेक्स द्यायचा होता."

टंकलेखकाच्या बोटांचा आवाज येत होता. खारकर मॅडमनी चष्मा काढला. "वाचून काय केलंत?"

"विनोद केला."

"कसला?"

"सरांनी विचारलं, काय रे, एवढं काय बघतोस? मी म्हणालो, काही नाही सर, नदाफ म्हणतोय यंत्रातून नुसता वारा येतो. मग आपण ऑक्सिजन बंद करू आणि पंखे वाटू. सगळे हसले. वडे आले. मी सही केली आणि फाइल डावीकडे सरकवली."

टंकलेखक थांबला. "मॅडम, कंसात हशा असं लिहू का?"

"लिहा."

काटवटे सर उभे राहिले. "मी हसलो होतो?"

मी टंकलेखकाच्या बोटांकडे बघत होतो.

"शार्दूल, विचारतोय मी. मी हसलो होतो का?"

"हसलात सर. सगळ्यांत जास्त. डोळ्यांत पाणी आलं होतं तुमच्या."

"म्हणजे मी ऐकलं होतं." सर खारकर मॅडमकडे वळले. "बाई, मी ऐकलं होतं. हे लिहून घ्या."

"सर, कायद्यात ऐकण्याचं कलम नाही," मॅडम म्हणाल्या. "फक्त वाचनाचं आहे. तुम्ही बसा."

सर बसले. आमच्यातल्या एकाने त्यांच्यापुढे पाणी सरकवलं. ते त्यांना दिसलंच नाही.

लाडबाईंनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, तुम्हाला बरं वाटत नाहीये असं सांगायचं का. मी नको म्हणालो. वास्तविक मला बरं वाटेल अशी माझी अपेक्षा होती. खरं बोलल्यावर माणसाला हलकं वाटतं असं मी कितीतरी सुविचारांच्या फ्लेक्सवर छापलंय. मला काहीच हलकं वाटलं नाही. नुसतं आता सगळ्यांना माहीत झालं, एवढंच झालं.

काकूंनी अजून हात खाली घेतले नव्हते. ते जोडलेले नव्हते, नुसते टेबलावर होते.

"त्यात काय लिहिलं होतं?" त्यांनी मला विचारलं. "मला कोणी सांगितलंच नाही. सील सील म्हणत राहिले."

मी खारकर मॅडमकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "आता हरकत नाही." त्यांनी पाकीट फोडायला घेतलं, पण मला कागद लागला नाही.

"माननीय अध्यक्ष," मी म्हणालो. "आपण भोंगे काढण्यास सांगितले आहे, परंतु भोंगे बिघडलेले नाहीत. आतील खडे दमट झाल्याने बारापैकी सात यंत्रे ऑक्सिजन तयार करत नाहीत. त्यातून फक्त साधी हवा येते. भोंगा तेच सांगत आहे. कृपया ही सात यंत्रे ताबडतोब रुग्णांकडून परत मागवावीत. यादी जोडली आहे. आपला, इम्तियाज नदाफ."

"यादीत आमचं नाव होतं?"

"तिसरं."

काकूंनी बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाल्या, "वायर काढायला तो मुलगा कधी आला होता बरं आमच्याकडे?"

"अकरा मार्चला. वायरी काढायला नकार देऊन नदाफ काम सोडून गेला, त्यामुळे संस्थेने दुसरा पाठवला."

"हां. सोमवार होता. त्या दिवसापासून घर शांत झालं." त्या जणू स्वतःलाच समजावत होत्या. "संध्याकाळी हे म्हणाले, वैशाली, यातून काही येत नाही गं. मी म्हटलं, आता तर ते ओरडत पण नाही, चांगलं दुरुस्त करून दिलंय त्या लोकांनी, तुम्ही गप पडा. दुसऱ्या दिवशी परत तेच. हातानं नळी काढायचे, मी परत लावायचे. जन्मभर इंजिनांचे आवाज ऐकलेला माणूस. त्यांना कळत होतं. मी रोज गप केलं त्यांना."

"काकू, तुम्हाला माहीत नव्हतं," मी म्हणालो.

हे वाक्य त्या वर्षी मी शंभर तरी माणसांच्या तोंडून ऐकलं होतं. त्या टेबलाशी ते एकट्या काकूंच्या बाबतीत खरं होतं, आणि त्यांना ते पटलं नाही. त्या मान हलवत राहिल्या.

"सांगत होते की मला," त्या म्हणाल्या. "दोन आठवडे सांगत होते."

मग त्यांनी पदर सारखा केला, कोपऱ्यात बंद करून ठेवलेल्या यंत्राकडे बघितलं आणि खारकर मॅडमना अगदी हळू आवाजात विचारलं, "ती पट्टी माझ्या डोक्याला लावून बघता का?"

मॅडमनी मान खाली घातली. "बाई," त्या म्हणाल्या, "ती फक्त विश्वस्तांसाठी आहे."